कांद्याची बंदी, साखरेचा कोटा आणि संसदेचे न वापरलेले अधिकार

प्रति,
सोलापूर, माढा आणि धाराशिव लोकसभा मतदारसंघांचे माननीय खासदार

माननीय महोदय आणि महोदया,

सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके ढोबळमानाने तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले आहेत. बार्शी धाराशिवकडे, करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढ्याकडे आणि उरलेले सोलापूरकडे. म्हणून हे पत्र एकाच वेळी तुम्हा तिघांना लिहितो आहोत. निर्यातीची कागदपत्रे, सीमाशुल्काचा कायदा आणि शेतमालाचा बाजार ही आमची रोजची कामे. देशहिताच्या नावाने परदेश व्यापाराचे दार बंद करताना सरकारवर कायद्याचे कोणते लगाम आहेत आणि त्यांपैकी जे लगाम खासदारांच्या हातात आहेत ते सैल का पडले आहेत, एवढेच आम्हाला मांडायचे आहे.

आधी तारखा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही तो दर, आले. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून निर्यात पूर्ण बंद झाली, मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती संपायच्या आतच ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढवली गेली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावले गेले. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. तेही १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. वीस महिन्यांच्या आत किमान सात वेळा नियम बदलला. हा एका पक्षाचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. डिसेंबर २०१० मध्येही बंदी आली होती, सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्येही. सरकारे बदलली, पद्धत तीच राहिली.

या तारखा सोलापूर बाजार समितीच्या आवकेशेजारी ठेवून पाहा. नाशिककडचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. भाव पडला तर तिथला शेतकरी निदान काही दिवस थांबू शकतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गाड्यांच्या रांगा लागतात त्या मुख्यतः खरिपाच्या लाल कांद्याच्या. त्यात पाणी जास्त आणि साल पातळ. काही आठवड्यांतच त्याला कोंब फुटतात किंवा तो सडू लागतो. तो काढला की विकावाच लागतो. दिल्लीच्या कागदावर ८ डिसेंबर ते ३१ मार्च ही तात्पुरती बंदी होती. लाल कांद्याच्या हिशेबात तो अख्खा हंगाम होता. काढणी, भराई, गाडीभाडे, हमाली, तोलाई हा खर्च भाव पाहून कमी होत नाही, तो आधीच होऊन गेलेला असतो.

आता कायदा. निर्यात बंद करण्याचा अधिकार केंद्राला विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ३(२) मधून मिळतो. राजपत्रात आदेश काढून आयात-निर्यात प्रतिबंधित, निर्बंधित किंवा विनियमित करता येते, एवढेच ते कलम म्हणते. कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांसाठी आणि कारण सांगून की न सांगता, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. किमान निर्यात मूल्याची अटही याच चौकटीतून येते. निर्यात शुल्काचा रस्ता वेगळा आहे. तातडीने नवे निर्यात शुल्क लावण्याचा किंवा असलेले वाढवण्याचा अधिकार सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ८ मध्ये आहे. तिथे मात्र अट आहे. अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते आणि लोकसभेपुढे ठेवल्यापासून १५ दिवसांच्या आत सरकारला संसदेच्या मंजुरीचा ठराव मांडावा लागतो. कारण साधे आहे. शुल्क म्हणजे कर, आणि संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही.

याचा अर्थ नीट पाहावा ही विनंती. शेकडा ४० शुल्क लावायचे तर सरकारला संसदेची संमती मागावी लागते. दारच बंद करायचे तर ती मागावी लागत नाही. ज्या उपायाचा घाव जास्त खोल, त्यालाच लगाम कमी. हे कोणी मुद्दाम केलेले नाही. करावर संसदेचा ताबा ही जुनी परंपरा आहे आणि व्यापारबंदीचा अधिकार युद्धकाळातल्या नियंत्रणांतून कारभाराकडे आला. पण ही उलटी उतरंड आज कांद्याच्या वाफ्यापर्यंत येऊन पोचली आहे.

तरीही १९९२ च्या कायद्याने संसदेला पूर्ण बाजूला ठेवलेले नाही. त्याचे कलम १९(३) वाचा. या कायद्याखालचा प्रत्येक नियम आणि प्रत्येक आदेश दोन्ही सभागृहांपुढे, अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस ठेवावा लागतो. त्या मुदतीत किंवा लगेच पुढचे अधिवेशन संपायच्या आत दोन्ही सभागृहांनी बदल सुचवला तर आदेश बदललेल्या रूपात लागू राहतो. तो नसावाच असे ठरवले तर तिथून पुढे रद्द होतो. आधी झालेल्या व्यवहारांना बाधा येत नाही. म्हणजे कोणत्याही खासदाराला निर्यातबंदीच्या आदेशात दुरुस्तीचा प्रस्ताव देता येतो. ‘३१ मार्च’ऐवजी ‘१५ जानेवारी’ करा, किंवा ‘ज्या मालाचे शिपिंग बिल दाखल झाले आहे तो वगळा’, असे दोन ओळींचे बदल सुचवता येतात. प्रत्यक्षात अधिसूचना पटलावर ठेवल्या जातात, यादीत त्यांची ओळ येते आणि विषय तिथेच संपतो. बहुमत सरकारचे असते, प्रस्ताव संमत होणार नाही, हे आम्हाला कळते. पण प्रस्ताव चर्चेला आला तर मंत्र्यांना कारण सभागृहात सांगावे लागते आणि ते इतिवृत्तात कायमचे नोंदले जाते. आज ते कारण कुठेच लिहिलेले सापडत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

परराष्ट्र धोरण यात येते ते अपवादांच्या वाटेने. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेतच एक खिडकी होती. इतर देशांनी विनंती केली तर केंद्र सरकार परवानगी देऊ शकेल. त्या खिडकीतून बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन कांद्याला परवानगी मिळाल्याचे सरकारने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्यात बांगलादेशचा वाटा ५०,००० टन होता. काम राष्ट्रीय सहकारी निर्यात मर्यादित या एकाच संस्थेकडे. तिने देशातला कांदा ई-निविदेतून सर्वांत कमी बोलीच्या दराने घ्यायचा आणि त्या देशाने नेमलेल्या संस्थेला वाटाघाटीने ठरलेल्या दराने, शंभर टक्के आगाऊ रक्कम घेऊन, पुरवायचा.

शेजाऱ्याला अडचणीच्या वेळी अन्न द्यावे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. कांदा अचानक थांबला की ढाक्यातही माणसेच होरपळतात, आणि एकदा विश्वास गेला की ते देश दुसरीकडून माल घ्यायला शिकतात. आमचा आक्षेप पद्धतीला आहे. बंदीने देशातला भाव पाडायचा, पडलेल्या भावाने निविदेतून खरेदी करायची आणि परदेशाशी ठरलेल्या दराने विकायचे. या तीन पायऱ्यांत मैत्रीचा खर्च कोणी उचलला? दोन दरांमधला फरक कोणाकडे गेला, त्यातला किती उत्पादकापर्यंत परत आला, हे आपोआप पुढे यावे अशी कायदेशीर तरतूद आज नाही. देशहितासाठी खर्च करायचा तर तो अर्थसंकल्पातून व्हावा, मागण्यांवर मतदान होऊन. एका पिकाच्या एका हंगामातून नव्हे.

आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो, हेही पाहू. जकाती आणि व्यापाराच्या सर्वसाधारण कराराचा, म्हणजे गॅटचा, अनुच्छेद ११ निर्यातीवरच्या बंदीला आणि कोट्याला मनाई करतो. निर्यात शुल्काला मनाई नाही. अन्नधान्याच्या ‘गंभीर’ टंचाईत ‘तात्पुरती’ बंदी चालते. चीनच्या कच्च्या मालाच्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने जानेवारी २०१२ मध्ये या दोन शब्दांचा अर्थ लावला. तात्पुरती म्हणजे सरून जाणाऱ्या गरजेपुरती, मर्यादित काळाची. गंभीर म्हणजे निर्णायक टप्प्याला पोचलेली टंचाई. नुसती भाववाढ पुरत नाही. शेतीविषयक कराराचा अनुच्छेद १२ तर सांगतो की बंदीपूर्वी आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि शेती समितीला आगाऊ कळवा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या वस्तूचा निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला नाही. कांद्यात भारत निव्वळ निर्यातदार आहे. गॅटच्या राष्ट्रसुरक्षेच्या अनुच्छेद २१ चा आडोसाही इथे लागत नाही. रशिया-युक्रेन वाहतूक वादात पंचमंडळाने २०१९ मध्ये म्हटले की ते कलम घेतले म्हणून प्रश्न संपत नाही, युद्ध किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांतली आणीबाणी खरोखर आहे का हे तपासता येते.

पण हे नियम मोहोळच्या शेतकऱ्याला वापरता येत नाहीत. तक्रार करू शकतो तो फक्त दुसरा सदस्य देश. शिवाय अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प आहे. अनुच्छेद ५१ मध्ये संविधानाने आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगितले आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर दावा लावता येत नाही.

मग न्यायालय? ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आला. अंतर कमी झाले, ही मोठी सोय आहे. पण रिट याचिकेतून काय मिळेल याचा भ्रम नको. ॲग्रिकास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०२० रोजी डाळींच्या आयातीवरचे निर्बंध कलम ३(२) खाली वैध ठरवले. मिळालेला खरा दिलासा कनक एक्स्पोर्ट्स प्रकरणातला, २०१५ चा. सरकार सवलत बंद करू शकते, पण अधिसूचनेने मागल्या तारखेपासून काढून घेऊ शकत नाही. यापलीकडे न्यायालय धोरणात शिरत नाही आणि आमच्या मते शिरूही नये. बाजारातली टंचाई मोजण्याचे साधन न्यायाधीशांकडे नसते.

जिथे संविधानाने रेघ ओढली आहे तिथे मात्र न्यायालयाने सरकारला ठामपणे थांबवले आहे. १९५८ च्या नेहरू-नून समझोत्यात बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मत दिले की देशाची भूमी द्यायची तर घटनादुरुस्तीच हवी. म्हणून नववी दुरुस्ती झाली, आणि बांगलादेशशी भूसीमा करारासाठी २०१५ मध्ये शंभरावी. कच्छच्या लवाद निवाड्यावर १९६९ मध्ये मगनभाई पटेल प्रकरणात न्यायालयाने बारकावा सांगितला. सीमावादाचा निकाल अमलात आणायला घटनादुरुस्ती लागत नाही, पण करारामुळे नागरिकांच्या हक्कांवर बंधन येणार असेल तर कायदा करावा लागतो. तुमच्या कामासाठी या निकालातले हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे.

उसाकडे वळू, कारण करार करताना संसदेला न विचारण्याची किंमत तिथे दिसते. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने १४ डिसेंबर २०२१ रोजी भारताविरुद्ध निकाल दिला. उसाला दिलेला आधार उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त, हा त्यातला मुख्य मुद्दा. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, कारखाने देतात, सरकार खरेदी करत नाही, हा भारताचा बचाव मान्य झाला नाही. हिशेबाची मेख अशी की आजचा जाहीर दर १९८६ ते १९८८ च्या गोठवलेल्या संदर्भ किमतीशी ताडला जातो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर आहे. चाळीस वर्षांची महागाई त्या सूत्रात आधार म्हणून मोजली जाते. दर जितका वाढेल तितके उल्लंघन मोठे दिसेल, मग तो उत्पादन खर्चही भरून काढत नसला तरी. भारताने अपील केले आहे आणि बंद पडलेल्या मंडळापुढे ते पडून आहे. हे सूत्र १९९४ मध्ये स्वीकारले गेले तेव्हा डंकेल मसुद्याविरुद्ध, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेला जन्म देणाऱ्या कराराच्या मसुद्याविरुद्ध, मुंबई उच्च न्यायालयात पी. बी. सामंत यांची याचिका आली होती. संसदेने याबाबत कायदाच केलेला नसल्याने कारभाराचा करार करण्याचा अधिकार मोकळा आहे, या अर्थाची भूमिका न्यायालयाने घेतली आणि याचिका टिकली नाही. त्याच साखरेची निर्यात १ जून २०२२ पासून निर्बंधित वर्गात गेली, मुदत दोनदा वाढून पुढील आदेशापर्यंत झाली आणि २०२४-२५ साठी १० लाख टनांची परवानगी यायला जानेवारी २०२५ उजाडला, म्हणजे अर्धा गाळप हंगाम सरला. कच्ची साखर करायची की पांढरी, हे कारखान्याला बॉयलर पेटायच्या आधी ठरवावे लागते.

सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीची नोंद १४ परदेशांशी करार करण्याचा आणि ते अमलात आणण्याचा विषय संसदेला देते. अनुच्छेद २५३ खाली करार पाळण्यासाठी राज्यांच्या विषयांवरही, म्हणजे शेती आणि बाजारावरही, संसद कायदा करू शकते. पण करार कसे करावेत याचा कायदा पंचाहत्तर वर्षांत झाला नाही. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये असा कायदा करावा अशी शिफारस केली होती. ब्रिटनशी व्यापार करार २४ जुलै २०२५ रोजी झाला. सोलापूरच्या टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांचे त्याकडे डोळे लागले आहेत. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याप्रमाणे करार संसदेपुढे बैठकीचे २१ दिवस ठेवावा लागतो आणि कनिष्ठ सभागृह आक्षेप घेऊन मंजुरी अडवू शकते. त्याच करारासाठी आपल्या संसदेला एकही दिवस लागत नाही.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के जादा शुल्क लावले तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांवरच्या ऑर्डरी अडकल्या. पण अमेरिकेतल्या एका लहान वाइन आयातदाराने आणि इतर काही छोट्या व्यावसायिकांनी त्या शुल्कधोरणाविरुद्ध आधीच दावा लावला होता आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे २०२५ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. त्यांना दावा लावता आला, कारण त्यांच्या आणीबाणी कायद्यात अटी लिहिलेल्या आहेत. कलम ३(२) मध्ये अटीच नाहीत, मग मोडली काय म्हणून दाखवायचे?

एक गोष्ट सरकारच्या बाजूने सांगायला हवी. विदेश व्यापार धोरण २०२३ च्या परिच्छेद १.०५ मध्ये संक्रमणाची तरतूद आहे. बंदीपूर्वी उघडलेले अपरिवर्तनीय पतपत्र, म्हणजे एल.सी., १५ दिवसांत नोंदवले तर तो माल साधारणपणे जाऊ दिला जातो. कित्येक अधिसूचनांत मात्र ‘हा परिच्छेद लागू नाही’ अशी ओळ असते, आणि निर्यातदार त्यामुळे बुडतात. अशी ओळ का येते? १३ मे २०२२ च्या गहू निर्यातबंदीनंतर मागील तारखा टाकलेली पतपत्रे पुढे आल्याने विदेश व्यापार महासंचालनालयाला प्रत्येक कागदाची प्रत्यक्ष पडताळणी करायचे आदेश द्यावे लागले होते. ही लबाडी व्यापाऱ्यांनीच केली. त्यावर उपाय तरतूद गुंडाळण्याचा नाही. पतपत्राची तारीख कागदावरून न घेता दोन बँकांमधल्या स्विफ्ट संदेशावरून घ्यावी, कारण ती मागे सरकवता येत नाही. शिवाय कांद्याचा बराच व्यवहार पतपत्राशिवाय, आगाऊ रकमेवर किंवा कागदपत्रांवर होतो. बँकेत जमा झालेल्या आगाऊ रकमेची नोंदही पुरावा म्हणून धरावी. बंदी आली तेव्हा गोदीच्या वाटेवर असलेला सुमारे २९ टनांचा शीत कंटेनर परत आणायचा तर भाडे दुप्पट होते आणि परत आलेला कांदा बाजारात उभा राहत नाही.

कांदा महागला की शहरातल्या विडी कामगार बायकांचे आणि यंत्रमाग कामगारांचे हाल होतात, हेही आम्ही रोज पाहतो. म्हणून बंदीचा अधिकारच काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही.

आमच्या मागण्या अशा. पहिली, कलम ३ मध्ये दुरुस्तीचे खासगी विधेयक आणा. शेतमालावरच्या बंदीसोबत आवक, साठा आणि भाव यांचे आकडे देणारे लेखी कारण राजपत्रात यावे. नाशवंत पिकाला बंदी एका वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त नसावी. मुदतवाढीला शुल्काप्रमाणेच मंजुरीचा ठराव लागावा. दुसरी, नोंद १४ खाली करारांचा कायदा व्हावा, निदान शेती आणि कापड यांना हात लावणारे करार मंजुरीआधी सभागृहापुढे यावेत. विधेयके शुक्रवारच्या शेवटच्या अडीच तासांत अडकतात, याची कल्पना आहे. म्हणून तिसरी मागणी आजच्या कायद्यातलीच आहे. पुढच्या प्रत्येक बंदीच्या आदेशावर कलम १९(३) खाली दुरुस्तीचा प्रस्ताव द्या, आणि सरकारी नियम-आदेश तपासणाऱ्या दुय्यम विधिविधान समितीला लिहा. राज्यसभेच्या अखत्यारीतल्या वाणिज्यविषयक स्थायी समितीकडे सरकार-ते-सरकार कांदा विक्रीच्या दरांचा तपशील मागा.

माहिती अधिकारात आम्ही आमच्या बाजूने अर्ज करणारच आहोत. परराष्ट्र संबंधांचे कारण सांगून कलम ८(१)(क) खाली नकार येऊ शकतो. पण कलम ४(१)(घ) प्रमाणे निर्णयाची झळ बसणाऱ्यांना कारणे देणे हे प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य आहे. मंत्रिमंडळाच्या निर्णयाची कारणे आणि आधारसामग्रीही, निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर, जाहीर करावी असे कलम ८(१)(झ) चे परंतुक सांगते. २०२३ ची बंदी उठली, शुल्कही गेले. विषय पूर्ण झाला आहे. हाच प्रश्न तुम्ही तारांकित म्हणून विचारलात तर उत्तर महिन्याभरात मिळेल, आम्हाला अपिलांमध्ये वर्ष लागेल.

लाल कांद्याची काढणी साधारण नोव्हेंबरात वेग घेते आणि हिवाळी अधिवेशनही त्याच सुमाराला भरते. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे मसुदे ऑक्टोबरअखेर हातात हवेत. प्रश्नांचे, प्रस्तावाचे आणि कलम ३ च्या दुरुस्तीचे मसुदे आम्ही मराठी आणि इंग्रजीत तयार केले आहेत. तुम्ही सोलापुरात याल तो दिवस कळवा, घेऊन येतो.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील काही मतदार